ह्युगो सँचेझ : एका स्पर्शाचा उस्ताद

1989-90 च्या हंगामात रिअल माद्रिदच्या ह्युगो सँचेझने स्पेनच्या साखळी स्पर्धेत 38 गोल केले. तेलमो झारा या बास्क खेळाडूने 1950-51 मध्ये केलेल्या विक्रमाशी त्याने बरोबरी साधली. पण फुटबॉलचे जुने रसिक या 38 गोलांबद्दल बोलताना आकड्यापाशी थांबत नाहीत. ते सांगतात की हे सगळेच्या सगळे गोल एका स्पर्शात झाले. चेंडू आला आणि गेला. त्याने तो थांबवला नाही, पायात घोळवला नाही, नेम धरायला पुढे सारला नाही. यातल्या पेनल्टी आणि फ्री किक बाजूला काढा, कारण त्या एका स्पर्शाच्याच असतात. तरी जे उरते तेही थक्क करणारे आहे.

त्याच वर्षी जूनमध्ये इटलीत विश्वचषक भरला. युरोपातला सर्वाधिक गोल करणारा हा माणूस त्यात नव्हता. तो जखमी नव्हता आणि संघातून वगळलाही गेला नव्हता. त्याच्या देशालाच त्या स्पर्धेची दारे बंद होती. का बंद होती, ते पुढे येईलच. एवढे मोठे कसब असलेला माणूस आणि त्याचा देश यांचा हिशेब आयुष्यभर कधी जुळलाच नाही. पुढे तो प्रशिक्षक झाला, राष्ट्रीय संघाचा उस्ताद झाला, तेव्हा हाच न जुळलेला हिशेब सोबत घेऊन तो मैदानात उतरला. माझा पेशा शिकवण्याचा असल्यामुळे असेल, पण मला त्याच्या गोलांइतकीच त्याच्या प्रशिक्षकपदाची कहाणी विचार करायला लावते.

आधी नावाबद्दल एक गोष्ट. आपली मराठी वर्तमानपत्रे त्याला ह्युगो म्हणतात, मीही तेच लिहितो आहे. स्पॅनिशमध्ये मात्र ‘ह’ मुका असतो, म्हणून तिथे तो ‘उगो’. मेक्सिकोतल्या लोकांनी त्याच्या नावापुढे नुसते एक ‘ल’ लावले आणि ‘उगोल’ केले. टोपणनाव देण्यात आपल्याकडची मंडळीही पटाईत आहेत, पण इतक्या स्वस्तात काम झालेले मी तरी पाहिलेले नाही.

त्याचा जन्म 11 जुलै 1958 चा, मेक्सिको सिटीतला. वडील हेक्टर सँचेझ फुटबॉल खेळलेले. बहीण जिम्नॅस्ट होती. 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये भाऊ फुटबॉल संघातून आणि बहीण जिम्नॅस्टिक्ससाठी, अशी दोघेही मेक्सिकोकडून गेली होती. गोल केल्यावर ह्युगो कोलांटउडी मारून दोन्ही पायांवर उभा राहत असे, ती या घरातून आलेली. त्याआधी 1975 मध्ये मेक्सिको सिटीतच झालेल्या पॅन अमेरिकन स्पर्धेत त्याच्या संघाने सुवर्णपदक मिळवले, तेही ब्राझीलसोबत वाटून. अंतिम सामना 1-1 असा बरोबरीत असताना जादा वेळेत अझ्टेका स्टेडियमचे दिवेच गेले आणि सामना पुरा झाला नाही.

त्याचा पहिला क्लब पुमास. हा कोणा व्यापाऱ्याचा किंवा कारखान्याचा संघ नव्हे, मेक्सिकोच्या राष्ट्रीय स्वायत्त विद्यापीठाचा. त्याचे मैदान म्हणजे 1968 च्या ऑलिंपिकचे स्टेडियम, ज्याच्या दर्शनी भिंतीवर दिएगो रिवेराचे दगडी उठावचित्र आहे. पुमासची ख्याती तरुण पोरे घडवण्याची. ह्युगो तिथे खेळता खेळता दंतवैद्यकी शिकला आणि पदवीधर झाला. हे वाचून हसू येते खरे, पण मुलाने खेळावे आणि हाताशी पदवीही असावी, ही आईबापांची चिंता मेक्सिकोतही आपल्यासारखीच असणार.

1976-77 मध्ये पुमासने पहिल्यांदा राष्ट्रीय साखळी जिंकली, त्या संघात हा अठरा वर्षांचा मुलगा होता. त्यानंतर बोरा मिलुतिनोविच हे सर्बियन गृहस्थ पुमासचे प्रशिक्षक झाले. पुढे पाच वेगवेगळ्या देशांना विश्वचषकात घेऊन जाणारे हेच बोरा. त्यांच्या हाताखाली 1980-81 मध्ये दुसरे विजेतेपद मिळाले आणि ह्युगो स्पेनला निघाला.

मधल्या काळात, 1978 मध्ये, त्याने पहिला विश्वचषक पाहिला होता, आणि तो न पाहिलेलाच बरा होता. अर्जेंटिनात मेक्सिकोने तिन्ही सामने गमावले. ट्युनिशियाने 3-1 असे हरवले. विश्वचषकात आफ्रिकेतल्या कोणत्याही देशाने मिळवलेला हा पहिला विजय, त्यामुळे ट्युनिशियात आजही त्याची आठवण निघते. मेक्सिकोत ती काढत नाहीत. पश्चिम जर्मनीने 6-0 ने धुतले आणि पोलंडने 3-1 ने घरी पाठवले. 1982 च्या विश्वचषकासाठी तर मेक्सिको पात्रच ठरला नाही.

अ‍ॅटलेटिको माद्रिदमधले पहिले वर्ष त्याला जड गेले. स्पेनमध्ये तेव्हा मेक्सिकन खेळाडूकडून कोणी फारशी अपेक्षा ठेवत नसे. विरोधी प्रेक्षक त्याला ‘इंडिओ’ म्हणून हिणवत. या शिवीत आपलाही एक धागा आहे, म्हणून जरा थांबतो. कोलंबस निघाला होता हिंदुस्थानकडे, पोहोचला भलतीकडेच, आणि तिथल्या मूळ रहिवाशांना त्याने ‘इंडिओ’ म्हणजे हिंदचे लोक ठरवून टाकले. पाचशे वर्षे होत आली तरी त्या चुकीच्या नावाने माद्रिदच्या मैदानावर एका दंतवैद्याला शिव्या पडत होत्या. ह्युगो नरम माणूस नव्हता. तो खुनशी उत्तरे देई, प्रेक्षकांना डिवचे, गोल करून त्यांच्यासमोरच कोलांटउडी मारी. त्याच्यावर गर्विष्ठपणाचा शिक्का बसला तो इथून, आणि तो सगळाच खोटा होता असे मी म्हणणार नाही. पण रोज ज्याला शिवी ऐकत कामावर जावे लागते, त्याच्या ताठ मानेचा हिशेब जरा वेगळा मांडावा लागतो.

अ‍ॅटलेटिकोत त्याला लुईस आरागोनेस हे प्रशिक्षक लाभले. आरागोनेस स्वतः याच क्लबचे नावाजलेले गोल करणारे खेळाडू होते. 1969-70 मध्ये ‘पिचिची’ हा मान त्यांनी दोघांसोबत विभागून घेतला होता. स्पॅनिश साखळीत सर्वाधिक गोल करणाऱ्याला ‘मार्का’ हे क्रीडा दैनिक हा पुरस्कार देते. पिचिची हे बिलबाओच्या राफाएल मोरेनो या जुन्या खेळाडूचे टोपणनाव. 1984-85 मध्ये ह्युगो 19 गोल करून पहिल्यांदा पिचिची झाला. त्याच जूनमध्ये स्पॅनिश चषकाच्या अंतिम सामन्यात अ‍ॅटलेटिकोने बिलबाओला 2-1 असे हरवले. दोन्ही गोल ह्युगोचे.

त्यानंतर तो शेजारच्या रिअल माद्रिदमध्ये गेला. एका शहरातल्या दोन हाडवैरी क्लबांमधला हा व्यवहार उघडपणे होणे अवघड होते. मग अ‍ॅटलेटिकोने कागदोपत्री त्याला पुमासला विकले आणि पुमासकडून रिअलने घेतले. आपल्याकडच्या जमिनीच्या व्यवहारांत असे मधले नाव घालण्याची रीत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना जास्त समजावून सांगायला नको.

रिअलमध्ये त्याला बुत्राग्वेन्यो, मिचेल, मार्टिन वाझ्केझ, सांचीस ही घरची तरुण फळी मिळाली. 1986 ते 1990 अशी सलग पाच वर्षे रिअलने साखळी जिंकली आणि 1986 मध्ये युएफा चषकही. ह्युगोचे गोल पहिल्या वर्षी 22, मग 34, मग 29, आणि 1989-90 मध्ये ते 38. पाच वेळा पिचिची. त्या शेवटच्या हंगामात जॉन टोशॅक यांच्या रिअलने एकूण 107 गोल केले. युरोपियन चषक मात्र हुकत राहिला. 1987, 88 आणि 89 अशी तीन वर्षे हा संघ उपांत्य फेरीत बाद झाला आणि तिसऱ्यांदा तर मिलानने 5-0 ने चिरडले.

10 एप्रिल 1988 रोजी लोग्रोन्येसविरुद्धचा त्याचा गोल आजही दाखवतात. मार्टिन वाझ्केझने डावीकडून चेंडू उंच आत टाकला. ह्युगोची पाठ गोलाकडे. त्याने हवेत उडी घेतली, अंग आडवे केले आणि डाव्या पायाने चेंडू डोक्यावरून मागे कोपऱ्यात मारला. अशा फटक्याला आपण बायसिकल किक म्हणतो. मेक्सिकोत त्याच्या फटक्याला त्याच्याच नावावरून ‘उगिना’ म्हणू लागले. हा फटका बघताना माझ्या मनात नेहमी एकच प्रश्न येतो. हे दुसऱ्याला शिकवायचे कसे?

बी.एड.च्या वर्गात आम्हाला सूत्रे पाठ असत : ज्ञाताकडून अज्ञाताकडे, सोप्याकडून कठीणाकडे. फुटबॉलच्या उस्तादाचीही वाट तीच. चेंडू अडव, मान वर कर, जागा बघ, मग मार. ह्युगोच्या खेळात मधल्या या पायऱ्याच नव्हत्या. चेंडू त्याच्यापर्यंत पोहोचण्याआधीच त्याचे बघून झालेले असे. ज्याला पायऱ्या चढाव्या लागल्या तो पायऱ्या दाखवू शकतो. जो थेट माडीवरच उभा असतो, त्याला खालच्या पोराची अडचण कळायला वेळ लागतो.

पण त्याआधी विश्वचषकांचे उरलेले रडगाणे सांगून टाकतो. 1986 चा विश्वचषक मेक्सिकोतच झाला. प्रशिक्षक बोरा. ह्युगो सत्तावीस वर्षांचा, ऐन बहरातला, दर भिंतीवर त्याचा चेहरा. बेल्जियमविरुद्ध 2-1 विजयात त्याने एक गोल केला. विश्वचषकात त्याने केलेला तेवढा एकच गोल! पुढच्या सामन्यात पॅराग्वेविरुद्ध 1-1 अशी बरोबरी असताना अगदी शेवटी मेक्सिकोला पेनल्टी मिळाली. अझ्टेका स्टेडियम खच्चून भरलेले. ह्युगोने मारलेला चेंडू गोली रोबेर्तो फर्नांडेझने अडवला. दोन पिवळी कार्डे झाल्यामुळे इराकविरुद्ध त्याला बाहेर बसावे लागले. मग बल्गेरियाविरुद्ध मॅन्युएल नेग्रेते या त्याच्या पुमासमधल्या जुन्या सहकाऱ्याने हवेत आडवे होऊन असा काही गोल केला की मेक्सिकोत त्या विश्वचषकाची आठवण म्हणजे तो गोल. हवेतल्या फटक्यांचा बादशाह संघात असताना आठवण राहिली ती दुसऱ्याच्या फटक्याची. उपांत्यपूर्व फेरीत माँतेरे इथे पश्चिम जर्मनीशी 0-0 झाले आणि टायब्रेकरमध्ये मेक्सिको 4-1 ने हरला. पेनल्टी मारणाऱ्या मेक्सिकन खेळाडूंत ह्युगो नव्हता.

पुढची गोष्ट लाजिरवाणी. 1988 मध्ये, सौदी अरेबियात होणाऱ्या वीस वर्षांखालील विश्वचषकाच्या पात्रता स्पर्धेत मेक्सिकोने चार वाढीव वयाचे खेळाडू खोटी वये दाखवून उतरवले. पकडले गेले तेही गमतीशीर रीतीने. महासंघाने स्वतः छापलेल्या वार्षिक पुस्तिकेत त्या खेळाडूंची खरी जन्मवर्षे होती आणि ती एका पत्रकाराने वाचली. शाळांच्या स्पर्धांत वयाचे दाखले तपासून ज्यांचे डोळे दुखले आहेत, त्यांना यात नवल वाटणार नाही. नवल आहे ते शिक्षेचे. फिफाने मेक्सिकोच्या सगळ्याच संघांवर दोन वर्षांची बंदी घातली. सोल ऑलिंपिक गेले आणि 1990 चा विश्वचषकही. चार पोरांची वये महासंघातल्या मोठ्या माणसांनी बदलली आणि त्याची किंमत ह्युगोसारख्या खेळाडूंनी मोजली, ज्यांचा त्या स्पर्धेशी काडीचाही संबंध नव्हता. त्या उन्हाळ्यात 38 गोलांसाठी युरोपचा सुवर्ण बूट त्याला मिळाला. तेवढेच गोल करणाऱ्या बल्गेरियाच्या ह्रिस्तो स्टॉइचकोव्हसोबत तो विभागून होता. बूट घरात आला आणि विश्वचषक टीव्हीवर.

स्टॉइचकोव्ह हे नाव लक्षात ठेवा. 1994 मध्ये अमेरिकेतल्या विश्वचषकासाठी मेक्सिको पात्र ठरला. ह्युगो छत्तिशीला आलेला. प्रशिक्षक मिगेल मेहिया बारोन हेही पुमासचेच जुने खेळाडू, आणि योगायोग असा की तेही दंतवैद्य! नॉर्वेविरुद्धचा पहिला सामना ह्युगो खेळला, मेक्सिको 1-0 ने हरला, आणि त्यानंतर तो बाकावरच राहिला. 5 जुलैला न्यू जर्सीत बाद फेरीत समोर बल्गेरिया. सहाव्याच मिनिटाला स्टॉइचकोव्हने गोल केला, गार्सिया आस्पेने पेनल्टीवर बरोबरी केली. दोन्ही संघांचा एकेक खेळाडू बाहेर काढला गेला. मध्येच एक गोलखांब मोडला, तो बदलून दुसरा आणावा लागला. जादा वेळ सुरू झाली. उन्हात सगळे थकलेले, मोकळी जागा भरपूर, आणि बाकावर स्पेनमध्ये 234 गोल केलेला माणूस बसलेला. दोन बदल करण्याची मुभा होती. मेहिया बारोन यांनी 120 मिनिटांत एकही बदल केला नाही. टायब्रेकरमध्ये मेक्सिकोच्या पहिल्या तिन्ही पेनल्टी वाया गेल्या आणि बल्गेरिया 3-1 ने जिंकला.

मेक्सिकोत ‘ते बदल’ एवढे म्हटले तरी माणसे वाद घालायला बसतात. मला वाटते, त्या दिवशी ह्युगोला उतरवायला हवे होते. पस्तिशीच्या पुढचा माणूस धावू शकत नाही हे खरे, पण एका स्पर्शाला धावणे कितीसे लागते? असो. तो न खेळलेला अर्धा तास त्याच्या मनातून कधी गेला नाही, एवढे त्याच्या नंतरच्या बोलण्यातून दिसते. देशाकडून 58 सामने आणि 29 गोल, आणि विश्वचषकात एकच गोल. स्पेनच्या साखळीत त्याच्यापुढे त्या वेळी फक्त झारा होता, 251 गोलांचा. आज मेसी, रोनाल्डो आणि बेन्झेमाही पुढे गेले आहेत.

उरलेल्या वर्षांत तो बरेच फिरला : डॅलस, ऑस्ट्रियातले लिंझ, आणि शेवटी 1997 मध्ये मेक्सिकोतला सेलाया, जिथे बुत्राग्वेन्यो आणि मिचेल पुन्हा सोबत होते. मग बूट टांगले.

प्रशिक्षक म्हणून तो परतला पुमासकडेच. 2000 मध्ये थोडे दिवस, मग 2001 पासून सलग. विद्यापीठाचा क्लब, तरुण पोरे, ओळखीचे मैदान. इथे त्याला वेळ मिळाला, आणि माझ्या मते सगळी मेख इथेच आहे. त्याने आपला फटका कोणाला शिकवला नाही, तो शिकवता येण्यासारखा नव्हताच. त्याने त्यांना शिकवली आपली भूक. साध्या चणीच्या पोरांना तो अशा थाटात मैदानात पाठवी की जणू ती माद्रिदहून आली आहेत. मेक्सिकोत वर्षातून दोन छोट्या स्पर्धा होतात. 2004 च्या पहिल्या स्पर्धेत पुमासने अंतिम सामन्यात ग्वादालाहाराला टायब्रेकरमध्ये हरवले. (हे नाव मुळात स्पेनमधल्या शहराचे, आणि तिथे ते अरबीतून आलेले : ‘वादी अल-हिजारा’, दगडांची दरी. उर्दू शिकवणाऱ्याला असे शब्द दिसले की राहवत नाही.) वर्षाच्या दुसऱ्या स्पर्धेत माँतेरेला हरवून पुमास पुन्हा विजेते. छोट्या स्पर्धांची पद्धत 1996 मध्ये सुरू झाल्यापासून लागोपाठ दोनदा कोणीच जिंकले नव्हते.

या दोन विजयांच्या मध्ये, ऑगस्टच्या शेवटच्या दिवशी, पुमास माद्रिदला जाऊन रिअलशी त्यांच्याच घरी मैत्रीचा सामना खेळले. बेकहम-झिदानच्या काळातला रिअल, आणि त्याचे प्रशिक्षक होते कामाचो, ह्युगोचे एकेकाळचे सहकारी. इस्राएल कास्त्रोच्या गोलावर पुमास 1-0 ने जिंकले. मैत्रीच्या सामन्याला इतिहासात फार जागा नसते, पण पुमासच्या माणसाला विचारून बघा!

2005 मध्ये सगळे उतरले. पुमास तळाशी घसरले आणि त्याने पद सोडले. भूक लावता येते तशी ती भागतेही, आणि पोटभर जेवलेल्या संघाला पुन्हा कसे उठवायचे याची युक्ती त्याच्यापाशी नव्हती. पण आता त्याच्या हातात दोन विजेतेपदे होती आणि त्याच्या तोंडी एकच मागणी होती : राष्ट्रीय संघ. तिथे तेव्हा अर्जेंटिनाचे रिकार्डो ला वोल्पे प्रशिक्षक होते. ह्युगो वर्षानुवर्षे जाहीरपणे म्हणत राहिला की मेक्सिकोच्या संघावर मेक्सिकन माणूसच हवा, आणि तो मेक्सिकन कोण हे सांगायची गरज नव्हती. त्याची टीका पुष्कळदा मर्यादा सोडून गेली. शेवटी नोव्हेंबर 2006 मध्ये त्याला ती खुर्ची मिळाली.

2007 च्या गोल्ड चषकात मेक्सिको रखडत अंतिम फेरीत गेला आणि 24 जूनला शिकागोत अमेरिकेकडून 2-1 असा हरला. अमेरिकेकडून हरणे मेक्सिकोत माफ होत नाही. पण बरोबर तीन दिवसांनी कोपा अमेरिकात त्याच संघाने ब्राझीलला 2-0 ने हरवले. नेरी कास्तियोने बचावपटूच्या डोक्यावरून चेंडू उचलून केलेला गोल आणि रामोन मोरालेसची फ्री किक, दोन्ही बघण्यासारखे. मग पॅराग्वेचा 6-0 असा धुव्वा. 11 जुलैला, ह्युगोच्या एकोणपन्नासाव्या वाढदिवशी, उपांत्य फेरीत अर्जेंटिनाने 3-0 ने थांबवले. त्यात वीस वर्षांच्या मेसीने गोलीच्या डोक्यावरून अलगद टाकलेला एक गोल होता. उरुग्वेला हरवून मेक्सिको तिसरा आला. वाईट कामगिरी म्हणता येणार नाही.

घात केला पोरांच्या संघाने. बीजिंग ऑलिंपिकसाठीचा 23 वर्षांखालील संघही ह्युगोने स्वतःकडे घेतला होता. मार्च 2008 मध्ये कॅलिफोर्नियातल्या कार्सन इथे पात्रता स्पर्धा झाली. कॅनडाशी 1-1, ग्वातेमालाकडून 2-1 असा पराभव, आणि शेवटी हैतीवर 5-1 असा विजय, तोही गोलांच्या फरकात अपुरा. त्या शेवटच्या सामन्यात मेक्सिकोच्या पोरांनी रिकाम्या गोलासमोरून चेंडू बाहेर मारले. बाजूरेषेवर कोण उभा होता, याचा विचार करा. एका हंगामात एका स्पर्शाने 38 गोल करणारा माणूस, आणि समोर चार-चार स्पर्श घेऊन चुकणारी पोरे. 31 मार्चला त्याला काढले. जेमतेम सोळा-सतरा महिने.

त्याला कमी वेळ मिळाला असे त्याचे चाहते म्हणतात. वेळ कमी मिळाला हे खरेच, पण राष्ट्रीय संघात तो कोणालाच मिळत नाही. तिथे पोरे आठ-दहा दिवसांसाठी येतात आणि जातात. तो वर्ग नसतो, परीक्षेचा हॉल असतो. पुमासमध्ये ह्युगो वर्गात होता. दुसरे असे की तो इतकी वर्षे ला वोल्पेविरुद्ध बोलला होता की पहिल्या ठेचेलाच सगळे त्याचीच वाक्ये त्याला ऐकवू लागले. आणि तिसरे, जे मला जास्त खरे वाटते : देशाने माझे देणे ठेवले आहे, या भावनेने तो त्या खुर्चीत बसला. 1990 आणि 1994 चे देणे. ते होतेही. पण त्या पोरांकडून ते वसूल होण्यासारखे नव्हते. 1994 मध्ये त्यांतली बरीच जण प्राथमिक शाळेत होती.

गंमत म्हणजे त्याला काढल्यानंतर तीनच महिन्यांनी, जून 2008 मध्ये, त्याचे जुने उस्ताद लुईस आरागोनेस यांच्या स्पेनने युरोपचा चषक जिंकला. आरागोनेसही गोल करणारेच, तेही तिखट जिभेचे, भांडकुदळ. पण प्रशिक्षकाच्या धंद्यात त्यांची तीस-पस्तीस वर्षे गेलेली होती, आणि सत्तरीला टेकल्यावर त्यांनी बुटक्या, चपळ पोरांचा संघ बांधला. गोल करणारा माणूस शिकवू शकत नाही, असा नियम काढायला ही गोष्ट आड येते.

ह्युगो डिसेंबर 2008 मध्ये स्पेनला परतला. आल्मेरिया या दक्षिणेकडच्या छोट्या क्लबचा प्रशिक्षक म्हणून. (हेही नाव अरबीच : ‘अल-मरिय्या’, टेहळणीचा बुरूज.) घसरणीला लागलेला संघ त्याने वाचवला, अकराव्या क्रमांकावर नेला. अल्वारो नेग्रेदो हा तरुण फॉरवर्ड त्या हंगामात धडाधड गोल करत होता. पुढच्या हंगामात नेग्रेदो सेवियाला गेला आणि डिसेंबर 2009 मध्ये ह्युगोलाही निरोप मिळाला. 2012 मध्ये पाचुकात काही महिने, आणि मग टीव्हीवर समालोचन. रिअल माद्रिदचे पद रिकामे झाले की आपण तयार आहोत असे तो अधूनमधून सांगतो. लोक हसतात, तो हसत नाही.

2004 च्या त्या पुमास संघात डाव्या पायाचा एक मध्यरक्षक होता, हायमे लोझानो. पुढे तोही प्रशिक्षक झाला. कोविडमुळे एक वर्ष लांबलेल्या टोकियो ऑलिंपिकला मेक्सिकोचा 23 वर्षांखालील संघ घेऊन तो गेला. म्हणजे कार्सनमध्ये ज्या परीक्षेत ह्युगो अडकला, त्याच परीक्षेतून हा पार पडला. ऑगस्ट 2021 मध्ये यजमान जपानला 3-1 असे हरवून त्या पोरांनी कांस्यपदक घेतले. 2023 मध्ये लोझानोकडे मोठा राष्ट्रीय संघ आला आणि त्याने गोल्ड चषक जिंकला. पुढच्याच वर्षी कोपा अमेरिकात मेक्सिको गटातच गारद झाला, आणि त्यालाही ती खुर्ची सोडावी लागली.